वकीलबाईंची गोळी

डोळे उघडे ठेवूनच कल्पना करा, कारण मिटले तर पुढचं वाचता यायचं नाही. तुमच्या घरात एक मांजरी आहे. अंगानं काळीकुळकुळीत आणि गळ्याखाली तेवढ्या दोन पांढऱ्या पट्ट्या. तिला काहीही म्हणा, ती उलट उत्तर देते. "ऊठ" म्हटलं तरी म्यांव, "बस" म्हटलं तरी म्यांव. आणि "पेला तू पाडलास ना?" असं विचारलंत, तर चांगला तोंडाचा आ वासून असा लांबलचक युक्तिवाद करते, की पेला बहुधा आपल्याच हातून पडला असं विचारणाऱ्याला वाटू लागतं. अशा मांजरीचं नाव तुम्ही काय ठेवाल? मुंगीच्या घरच्यांनी ठेवलं होतं वकीलबाई.

मुंगी म्हणजे त्या घरातली मुलगी. चण लहान आणि घरातला एकही डबा तिच्यापासून सुरक्षित नाही, म्हणून मुंगी. तिची आई जनावरांची डॉक्टर होती. दवाखाना नवा, पाटी चकचकीत आणि बाकं रिकामी. कारण समोरच थोरल्या डॉक्टरांचा जुना दवाखाना होता आणि गावातलं प्रत्येक कुत्रं, मांजर, पोपट आणि ससा डोळे मिटून तिकडे जायचा. पण थोरले डॉक्टर आता थकले होते. एक दिवस ते काठी टेकत रस्ता ओलांडून आईकडे आले.

"मी दवाखाना बंद करतोय," ते म्हणाले. "माझी मंडळी कुणाच्या तरी हाती सोपवायला हवी. रविवारी प्राणिमित्र मंडळात तू बोल. विषय सोपा आहे. मांजराला घरच्या घरी गोळी कशी द्यावी. लोकांना पटलीस, तर सगळी जनावरं तुझी."

"आणि नाही पटले तर?"

"तर शेजारच्या गावात एक डॉक्टर आहेत," थोरले डॉक्टर म्हणाले आणि काठी टेकत परत गेले.

आई घरी येऊन खुर्चीत बसली. "सोपा विषय म्हणे."

"त्यात काय अवघड आहे?" आजोबा चहाचा कप हातात धरून म्हणाले. हे आईचे वडील. चहाचा कप त्यांच्या हातात सदैव असायचा आणि केस त्यांच्या डोक्यावर औषधालाही नव्हता. "नुसतं बोलू नकोस, दाखव. सगळे हल्ली पडद्यावर दाखवतात."

मग ठरलं. पडद्यावर तीन स्लाइड, म्हणजे चित्रपानं, आणि प्रत्येक पानावर एक छोटा व्हिडिओ. गोळी देणार आई, मांजर धरणार बाबा, मोबाईल धरणार मुंगी आणि गोळी घेणार वकीलबाई. वकीलबाईंना कुणी विचारलं नव्हतं. आईनं एक नियम मात्र पक्का केला. गोळी देताना मांजरीशी कुणी एक शब्द बोलायचा नाही, कारण तसं पुस्तकात दिलेलं होतं.

चित्रीकरणाला अख्खी दुपार लागली. शेवटी व्हिडिओ झाले तीन, प्रत्येक चांगला लांबलचक आणि त्यातला कामाचा भाग चिमूटभर. बाकी सगळा गोंधळ.

"हे पुढचं मागचं सगळं छाटून टाक," आई मुंगीला म्हणाली. "शांतपणे गोळी देतेय, तेवढंच ठेव. जमेल ना?"

"आई, शाळेत मीच सगळ्यांना करून देते."

"म्हणूनच विचारतेय."

मुंगीनं व्हिडिओ एकेका पानावर चढवले. मग सुरुवातीची खूण पुढे सरकवली, शेवटची मागे ओढली, की मधला शहाणासुरता तुकडा तेवढा चालू लागला. छान जमलं. पण पहिल्या व्हिडिओच्या सुरुवातीला बाबांची जी काही फजिती झाली होती, ती तिनं आधी पुन्हा पुन्हा पाहून घेतली. हसून हसून पोट दुखलं, तरी आणखी एकदा पाहिली. शेवटी कॉम्प्युटरनं तिला विचारलं, "छाटलेला भाग कायमचा काढून टाकायचा का?"

मुंगी थबकली. बाबांची ती फजिती कायमची जाणार? तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच 'नको' दाबलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण यातूनच घडलं. वाढत्या अंगाच्या मुलासाठी लांब विजार आणली, की तिची खालची पट्टी आपण कापत नाही. आत दुमडतो आणि चार टाके घालतो. बाहेरून विजार अगदी मापाची दिसते, पण कापड सगळं आत असतं. मुंगीनं नेमकं हेच केलं होतं. आता हे टाके घरच्या कॉम्प्युटरला ठाऊक होते. परक्या कॉम्प्युटरला ते दिसायलाच हवेत, असा काही नियम नाही.

रविवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत मधोमध थोरले डॉक्टर, हनुवटी काठीवर टेकवून. तिसऱ्या रांगेत बाबा आणि चहाच्या कपासकट आजोबा. व्यासपीठावर आई आणि टेबलावरच्या टोपलीत वकीलबाई. भाषण संपलं, की आदर्श रुग्ण म्हणून त्यांना लोकांना दाखवायचं होतं. मुंगी खाली कॉम्प्युटरपाशी, सभागृहाच्या व्यवस्थापकांशेजारी बसली.

"काका, हे इथे चालेल ना?"

"आमचा प्रोग्रॅम वेगळा आहे," व्यवस्थापक म्हणाले, "पण गुणी आहे. सगळं उघडतो. काही म्हणजे काही झाकून ठेवत नाही."

मुंगीला हे ऐकून बरं वाटलं. तेवढंच शेवटचं.

भिंतीएवढ्या पडद्यावर पहिलं पान आलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मांजराला शांत होऊ द्या.'

"आपण शांत, तर मांजर शांत," आई म्हणाली. "आमच्या घरी आम्ही कसं करतो, बघा." आणि तिनं हातातल्या रिमोटचं बटण दाबलं.

"अहो, दार लावा आधी," पडद्यावर आईचा आवाज गरजला. "गेली ना ती. खिडकी. खिडकी लावा."

पडद्यावर एक कपाट होतं आणि त्याच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. ते बाबांचे होते.

"सापडली का?"

"सापडली," कपाटाखालून आवाज आला.

"मग ओढा ना तिला."

"मी नाही, तिनं मला धरलंय."

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. पडद्यावर बाबा उलटे सरपटत बाहेर आले, वकीलबाई त्यांच्या डोक्यावरून कपाटावर गेल्या आणि जाता जाता चष्मा खाली. आईचा नियम विसरून बाबा ओरडले, "वकीलबाई, माझा चष्मा पाडलात तुम्ही." त्यावर वकीलबाईंनी वळून जे तोंड उघडलं, ते भिंतभर पसरलं. त्यांच्या मागच्या दाढासुद्धा शेवटच्या रांगेला मोजता आल्या असत्या. म्यांऽऽऽव. आणि या सगळ्याच्या वर ती अक्षरं तशीच होती. मांजराला शांत होऊ द्या.

मुंगीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "काका, बंद करा ना. वायर ओढू का?"

"नको नको, त्याच वायरीवर दिवे आहेत. एवढ्या लोकांना अंधारात बसवतेस का?" व्यवस्थापक पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "आणि मुली, चांगलं चाललंय की."

व्यासपीठावर आईनं व्हिडिओ थांबवायला बटण दाबलं. पण त्या बटणाला एकच काम येत होतं, ते म्हणजे पुढे जाणं. दुसरं पान आलं. 'मांजराला हळुवार धरा.' आणि दुसरा व्हिडिओ आपला आपण सुरू झाला, पहिल्यापासून.

पडद्यावरची आई केस पिंजारलेली, दोन्ही मनगटांवर ओरखडे. मांडीवर टॉवेलचं एक वळवळतं गाठोडं. "थोरले डॉक्टर म्हणे एका हातानं गोळी देतात," ती धापा टाकत म्हणत होती. "पाहिलंय का कुणी कधी?"

"एकाच हातानं द्यावी लागत असेल," बाबांचा आवाज आला. "दुसरा पट्टीत असणार."

या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. थोरल्या डॉक्टरांनी काठी मांडीवर आडवी घेतली, दोन्ही हात समोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले. तिसऱ्या रांगेत बाबा हळूहळू खुर्चीत खाली घसरत गेले, ते नुसता चष्मा दिसेपर्यंत.

आईनं पुन्हा बटण दाबलं. आता काय दाबायचं ते तिला सुचतच नव्हतं. शेजारच्या गावातले डॉक्टर तिला डोळ्यांपुढे दिसू लागले होते.

तिसरं पान. 'गोळी गिळली, की शाबासकी द्या.' मात्र इथे नशिबानं साथ दिली. या व्हिडिओत सुरुवातीला फार काही नव्हतं. पडद्यावर आईनं अलगद वकीलबाईंच्या तोंडात पिवळी गोळी सरकवली, तोंड मिटून धरलं, गळा कुरवाळला. वकीलबाई डोळे मिटून साधूसारख्या बसल्या होत्या. "गिळली," पडद्यावरची आई म्हणाली. "शहाणी माझी बाई."

सभागृहात एक-दोघांनी कौतुकानं माना हलवल्या. व्यासपीठावरच्या आईनं श्वास सोडला. पण मुंगीनं श्वास रोखला. टाका इथेच होता. याच्यापुढचं तिनंसुद्धा कधी नीट पाहिलं नव्हतं. मोबाईलवर तिथे नुसती सगळ्यांची टाळ्या वाजवण्याची धांदल दिसत होती.

पण भिंतीवर सगळंच मोठं दिसतं. टाळ्या वाजत असताना वकीलबाईंनी मान वळवली. ओठाचा एक कोपरा उचलला. फुर्र. मोहरीएवढी दिसणारी गोळी इथे लिंबाएवढी होऊन हवेतून गेली, आजोबांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलापर्यंत पोहोचली आणि चहाच्या कपात पडली. टुपुक. पडद्यावरच्या आजोबांनी टाळ्या थांबवल्या, कप उचलला, एका दमात रिकामा केला आणि ओठ पुसले.

"आज चहा जरा खरखरीत झालाय," ते म्हणाले आणि व्हिडिओ संपला.

आता सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. आजोबा उभे राहिले.

"कसली गोळी होती गं ती?"

"अण्णा, घाबरू नका," आई माईकमधूनच म्हणाली, कारण माईक बाजूला ठेवायचं तिला भान नव्हतं. "साधी जीवनसत्त्वाची आहे. अपाय काही नाही. त्यानं फक्त... केस दाट होतात. चमकदार."

आजोबांचा हात सावकाश वर गेला आणि डोक्यावरून फिरला. एकदा मागे, एकदा पुढे. मग मात्र सभागृह असं हसलं, की खुर्च्या करकरल्या.

हसणं ओसरलं, तेव्हा थोरले डॉक्टर काठीवर भार देऊन उठले.

"म्हणजे मांजरीची गोळी अजून राहिलीच," ते म्हणाले. "ती इथे आहे, तू इथे आहेस. दे."

आईनं खिशातून गोळी काढली आणि टोपलीचं झाकण उघडलं. वकीलबाईंनी गोळी पाहिली, गोळीनं वकीलबाईंना पाहिलं आणि वकीलबाईंचं तोंड पेटीसारखं बंद झालं. आईनं गळा कुरवाळला. काही नाही. हनुवटी खाजवली. काही नाही. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ती अवाक्षर बोलत नव्हती. बाबा बोलत नव्हते, सभागृह बोलत नव्हतं. इतकी शांतता, की आदर्शच म्हणायची. आईच्या कपाळावरचा घाम मात्र मुंगीला खालूनही दिसत होता.

मुंगी उठली. पायऱ्या चढून व्यासपीठावर गेली. बाबांची ती फजिती घरात सगळ्यांत जास्त वेळा तिनंच पाहिली होती.

"आई, गोळी तयार ठेव," ती पुटपुटली. मग टोपलीसमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि थेट बाबांच्या आवाजात म्हणाली, "वकीलबाई, बाबांचा चष्मा कुणी पाडला?"

वकीलबाईंनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या लोकांसमोर असला आरोप? त्यांनी छाती फुगवली आणि आपली बाजू मांडायला तोंडाचा हा भला मोठा आ वासला.

आईची बोटं आत गेली आणि बाहेर आली. वकीलबाईंनी आवंढा गिळला. चेहऱ्यावर असा भाव, जणू खटला ऐकून न घेताच निकाल लागला.

थोरले डॉक्टर जवळ आले. त्यांनी वाकून वकीलबाईंच्या जिभेखाली पाहिलं, गालांत पाहिलं आणि मग तिसऱ्या रांगेतल्या आजोबांचा चहाचा कप मागवून त्यातही पाहून घेतलं.

"उद्यापासून माझी मंडळी तुझ्याकडे येतील," ते आईला म्हणाले. "आणि या मुलीला शाळा सुटली की दवाखान्यात बसवत जा. माझ्याकडे मांजरांना असं विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून..." त्यांनी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या ओरखड्यांची जाळी होती. "तो व्हिडिओ मला दे. पण छाटलेला नको, पुरता दे."

दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यात गेली, तर बाकं भरलेली. पाच कुत्री, तीन मांजरं, एक रागीट ससा. आणि कडेच्या बाकावर टोप्या घातलेले चार गृहस्थ, ज्यांच्याजवळ कसलंच जनावर नव्हतं.

"तुमचं काय?" आईनं विचारलं.

"त्या गोळीबद्दल विचारायचं होतं," त्यातला एक टोपी चाचपत म्हणाला. "तुमचे वडील सांगत होते, सकाळपासून डोक्याला गुदगुल्या होतायत म्हणून."

संध्याकाळी आईनं मुंगीला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "थोरल्या डॉक्टरांना त्यांची प्रत पोहोचली. आता आपल्याकडचं ते छाटलेलं सगळं काढून टाक. कायमचं. मी इथे उभी आहे."

"बरं," मुंगी म्हणाली.

कॉम्प्युटरनं विचारलं, "छाटलेला भाग कायमचा काढून टाकायचा का?" पलीकडे आजोबा आरशासमोर मान वाकडी करून डोक्याचा मागचा भाग पाहत होते. नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरात काहीतरी खळकन फुटलं. "वकीलबाई," बाबांचा आवाज आला, "हे तुम्ही केलंत ना?" आणि लगेच सुरू झाला तो लांबलचक युक्तिवाद.

आई क्षणभर मागे वळली.

मुंगीनं तेवढ्यात 'नको' दाबलं आणि मोबाईल घेऊन स्वयंपाकघराकडे धावली.