दौलूतात्यांचं सकाळचं भांडण

काही माणसं सकाळी आंघोळ करून देवळात जातात. आमचे दौलूतात्या सकाळी आंघोळ करायचे, धुतलेलं धोतर नेसायचे, फेटा बांधायचे आणि भांडायला निघायचे.

भांडायची जागा ठरलेली, माणूस ठरलेला. जागा म्हणजे गावच्या वेशीतला लिंब आणि माणूस म्हणजे त्या लिंबाखाली उभ्या असलेल्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर, मिरजेचा इब्राहीमभाई. पाऊस असो, गावात मयत होवो, हे भांडण सहसा चुकायचं नाही. एकदा तात्यांना ताप होता, तर घोंगडं पांघरून आले आणि कण्हत कण्हत भांडून गेले.

ही गोष्ट लढाईच्या दिवसांतली. आमचं गाव सांगलीपासून चार कोसांवर. माझ्या लहानपणी सांगलीला जायचं म्हणजे हळदीची नाहीतर गुळाची गाडी भरून, वर्षातून चार वेळा; आणि परत आलेला माणूस आठ दिवस सांगलीच्याच गोष्टी सांगायचा. मग ही मोटार सुरू झाली आणि पाच-सहा वर्षांत गावाच्या दोन जाती झाल्या. एक रानवाले, दुसरे मोटारवाले. मोटारवाले म्हणजे अडतीवरचे कारकून, छापखान्यात खिळे जुळवणारे, शिंपी, गिरणीतले कामगार. आम्ही तांब्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री करायचो आणि रानवाल्यांसमोरून जरा ताठ चालायचो. मी हळदीच्या अडतीत कारकून होतो. संध्याकाळी घरी आलो की आई मला आधी अंगणात झटकून घ्यायची.

सकाळी मोटार गेली की गाव ओस पडायचं. मागं उरायची ती म्हातारी माणसं, कुत्री आणि चावडीपुढचं ऊन.

तर ती मोटार. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून तिच्या पाठीला कोळशाची उंच भट्टी बसवलेली. कोळसा पेटवायचा, पंख्याचं दांडकं गरागरा फिरवायचं, गॅस धरला की मोटार चालू. दांडकं फिरवायची पाळी आम्हा उतारूंची. सांगलीत पोचेपर्यंत आमच्यातला एकजण तरी कोळसेवाल्यासारखा दिसायचा. आणि एकदा गॅस धरला की लगेच निघावं लागे. मोटार उभी राहिली तर भट्टी रुसायची, पुन्हा दांडकं, पुन्हा धूर. तात्या बरोबर हाच मुहूर्त साधायचे. मोटारीनं थरथरायला सुरुवात केली की ते समोर येऊन काठी आडवी धरायचे.

"इब्राहीम, खाली उतर."

"का वो तात्या?"

"कोळसा बघायचा हाय. ह्यो नुसता बाभळीचा न्हाई. ह्यात चिंचंचा मिसळलाय."

"मिसळला तर तुमचं काय जातंय?"

"धूर माझ्या दारावरनं जातोय. नाक माजं हाय."

"मग नाक आत ठेवा की."

"बरं झालं बोललास. पर मुद्दा अजून फुडंच हाय."

'मुद्दा अजून फुडंच हाय' हे तात्यांचं पालुपद. तो मुद्दा काय होता हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी विषय नवा.

"काल तू भोंगा वाजीवलास. म्हस दचाकली. दूध आटलं."

"तात्या, तुमची म्हस तर गेल्या साली इकली."

"व्हय. ज्याला इकली त्याची दचाकली. आता त्यो मला बोल लावतोय. मी कुणाला लावू?"

एकदा तर मोटार कालच्यापेक्षा हातभर पुढं उभी केली, असा त्यांचा आरोप होता. त्यांनी लिंबापासून चाकापर्यंत काठीनं मापलं. मग काठीच वाकडी आहे म्हणाले आणि पुन्हा वितीनं मापलं. मोटारीत आम्ही हसून बेजार. आज तात्या कशावरून भांडणार यावर आमच्या चहाच्या पैजा लागायच्या. मी कोळशावर नेहमी जिंकायचो.

या मोटारीत शालन नावाची एक मुलगी यायची. तात्यांच्या थोरल्या भावाची लेक. गावातली पहिली शिकलेली बाई. सांगलीला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागली होती. वडील वारलेले, आई अर्धांगानं अंथरुणावर. आईला न्हाऊमाखू घालायचं, घास भरवायचा, मग निघायचं. ती कायम धावत यायची. एका हातात चपला, दुसऱ्यात डबा. शाळेचा नियम कडक होता. एका महिन्यात तीनदा उशीर झाला की नाव कमी. आणि सकाळची मोटार एकच.

चुलता-पुतणीचं बोलणं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघं भाऊ असे पेटले, की तात्यांनी खंडोबापुढं बेलभंडार उचलून शपथ घेतली होती: त्या घराची पायरी चढणार नाही, त्या घराशी बोलणार नाही, त्या घराचं नातं तोंडानं सांगणार नाही. भाऊ गेला तेव्हा तात्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभे राहिले आणि तिथूनच परतले. त्यांची बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. बेलभंडाराची शपथ मोडणारा माणूस आमच्याकडं कुणी पाहिलेला नव्हता.

एके दिवशी मोटारीत गडबड झाली. शालन लवकर येऊन बसली. आईपाशी मावशी आली होती म्हणे. गॅस धरला. तात्या आले, काठी टेकली, आत एक नजर टाकली आणि म्हणाले, "काय इब्राहीम, बरं हाय न्हवं?" आणि चालू पडले. आमच्या सगळ्या पैजा बुडाल्या.

मला झोप येईना. मी पाळत ठेवली. मावशी आठ दिवस होती. आठही दिवस भांडण नाही. नवव्या दिवशी मावशी गेली, तात्या हजर. भांडण रंगात आलं, 'मुद्दा अजून' पर्यंत पोचलं, तेवढ्यात शालननं पायरीवर पाय ठेवला. तात्या वाक्य तसंच टाकून म्हणाले, "जा. उद्या बोलू."

मोठा शोध लावल्याच्या थाटात मी सांगलीच्या स्टँडवर इब्राहीमभाईला एका बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तो विडी पेटवत होता. त्यानं काडी विझवली आणि माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

"तुमाला आज कळलं? मी दोन वर्सं भांडतोय त्यांच्यासंगं. नाही तर मला काय येड लागलंय, चिंचंच्या कोळशावर पाव घंटा बोलायला?"

"मग नुसतं थांबत का नाहीस?"

"थांबलो तर म्हाताऱ्याला कळंल की मला कळलंय. मग उद्यापासनं येईल का तो?"

मी अडतीची वाट धरली. गावातही कुणाला बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाच्या हिशेबानं हा मोठाच पराक्रम.

लढाई संपली, पुढं स्वराज्यही आलं. मग एका सोमवारी लिंबाखाली सरकारी मोटार उभी राहिली. तांबडी, कोरी, पेट्रोलवर चालणारी. इब्राहीमभाईची मोटार बंद झाली. नवा ड्रायव्हर खाकी कपड्यातला तरुण, मनगटाला घड्याळ. तात्या आंघोळ करून आले आणि टायरच्या वासावरून सुरुवात केली. ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा." घंटी वाजली, मोटार निघाली. वळणावरून मी मागं पाहिलं, तर शालन नुकती गल्लीच्या तोंडाशी आली होती. निम्मी वाट बैलगाडीतून आणि निम्मी पायी चालत ती शाळेत पोचली. उशीर झाला.

मंगळवारी तात्यांनी भोंग्याचा विषय काढला. ड्रायव्हरनं तो ऐकलासुद्धा नाही. दुसरा उशीर.

बुधवारी आम्ही सगळे आधीच येऊन बसलो होतो. शालनचे दोन उशीर पाहून एव्हाना गावाला सगळं कळून चुकलं होतं. फक्त तोंडातून काढत कुणी नव्हतं. गल्ली रिकामी. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीला. तात्या आले. आज काठी आडवी धरली नाही. ती त्यांनी लिंबाला टेकवून ठेवली आणि ड्रायव्हरच्या खिडकीपाशी आले. मी पुढच्याच बाकावर होतो. आयुष्यभर पाटलापुढं न वाकलेला तो माणूस पोराच्या वयाच्या ड्रायव्हरपुढं हात जोडून उभा राहिला.

"साहेब, दोन मिनटं थांबा. माजी पुतणी यायची हाय."

रोज पैजा लावणारे आम्ही सगळे आपापल्या डब्यांकडं बघत राहिलो. ड्रायव्हरनं एकदा तात्यांकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं पाहिलं आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

त्या शांततेत गल्लीतून पावलांचा आवाज आला. शालन धावत आली, हाताला अजून पीठ. बंद मोटार आणि खिडकीशी हात जोडून उभे असलेले तात्या पाहून ती थबकली. ते हात खाली घ्यायचं त्यांना सुचलं नव्हतं. पायरीवर एक पाय ठेवून ती वळली.

"येते, तात्या," ती म्हणाली.

तात्यांनी मान हलवली आणि मोटारीला वाट करून दिली.