नेव्हिलची शिफारस

भाड्याचं घर मिळवायला डोकं लागतं आणि ते माझ्याकडे आहे, असं मी मागच्या मार्चपर्यंत आमच्या कुरांबा गावच्या पबमध्ये कुणालाही छातीठोकपणे सांगत असे. आता कुणी विचारत नाही.

झालं काय, गावाबाहेर पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या आणि त्या उभारायला आलेल्या लोकांनी भाड्याची झाडून सगळी घरं पटकावली. त्यात आमचंही गेलं. मग मी आणि माझी बायको नारेल, सासूबाईंच्या परसात चाकांवरच्या कारवानमध्ये राहायला गेलो, ते चौदा महिने तिथेच. न्हाणीघर सासूबाईंचंच, त्यामुळे साधं तोंड धुवायचं तरी त्यांच्या स्वयंपाकघरातून जावं लागे. मी धान्याच्या कोठारावर कामाला, बुटांना पावशेर भुसा चिकटलेला. रोज ठिणगी पडायची. शेवटी नारेलनं सांगून टाकलं, "पुढच्या उन्हाळ्यात मी आईच्या खोलीत झोपणार. तू आणि तुझे बूट बसा त्या पत्र्याच्या डब्यात."

अशात बोलिंग क्लबसमोरचा दोन खोल्यांचा फ्लॅट रिकामा झाला. भाडं इतकं माफक, की मी जाहिरात दोनदा वाचली. शनिवारी सकाळी दहा ते सव्वादहा घर पाहायची वेळ होती. अकराशे वस्तीच्या गावात दारात एकतीस माणसं! एका बाईंनी आपल्या कुत्र्याचा बायोडेटा आणला होता, फोटोसकट. घरांची एजंट लीआन हिनं तो दोन बोटांत धरून परत केला. या इमारतीत जनावर चालत नाही म्हणाली. अर्जात आधीच्या घरमालकाचा नंबर द्यायचा होता, ती स्वतः फोन करून चौकशी करणार होती. ते ऐकून तीस चेहरे पडले आणि माझा खुलला. माझी घरमालकीण म्हणजे घरचीच!

सासूबाईंचं नाव मर्ल. चाळीस वर्षं पोस्टात शिक्के मारले, त्यामुळे बोलणंही तसंच, एकदा बसलं की पुसलं जात नाही. पण आम्ही जावं ही इच्छा आमच्याइतकीच त्यांचीही होती. मी उत्तरं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवली आणि तीन दिवस तालीम घेतली. भाडं वेळेवर. माणूस टापटीप. आवाज अजिबात नाही.

"मर्ल, 'टापटीप' म्हणताना जरा हसा."

"खोटं बोलताना मला हसू येत नाही, डेस."

सगळा बंदोबस्त केला, फक्त नेव्हिलला विसरलो. नेव्हिल म्हणजे सासूबाईंचा पांढरा काकाकुवा. मुक्काम स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी. तो बोलतो आणि हुबेहूब सासूबाईंच्या आवाजात बोलतो.

मंगळवारी लीआनचा फोन आला. सासूबाईंनी कागद डोळ्यांपुढे धरला आणि म्हणाल्या, "डेस ना? अतिशय टापटीप माणूस."

"डेस, मेल्या, बूट बाहेर!" नेव्हिल म्हणाला.

सासूबाईंनी आवाज चढवला. "आणि कसलाही त्रास नाही."

"मोरी तुंबली परत! केस कुणाचे हे?"

मी बश्या पुसायचा टॉवेल त्याच्यावर टाकला. टॉवेलखालून अगदी हळू, थकलेल्या आवाजात आलं, "चौदा महिने झाले रे देवा."

हे मात्र आम्हाला उद्देशून नव्हतं. आम्ही कामावर गेल्यावर त्या पाखरापाशी बसून बोलत असणार. सासूबाई लाल झाल्या. मलाही कसंतरीच झालं.

लीआन फोनवर म्हणाली, "मर्ल, डेस शेजारी उभा आहे का? मी येतेच."

पंधरा मिनिटांत आली. मला परसात पिटाळण्यात आलं. कारवानच्या खिडकीतून दिसलं, दोघी चहा पीत होत्या, ओट्याकडे बोट दाखवत होत्या, चक्क हसत होत्या. मी नारेलला म्हटलं, खोकी काढ, काम फत्ते. तासाभरानं सासूबाई आल्या.

"फ्लॅट मिळाला."

नारेलनं मला मिठी मारली. मीही ती हक्कानं मारून घेतली.

"मला," सासूबाई म्हणाल्या. "लीआनला माझं स्वयंपाकघर आवडलं. अशी भाडेकरू दिवा घेऊन शोधली तरी मिळत नाही म्हणाली. क्लब समोरच आहे. शिवाय मला एकटीला बसून एक कप चहा प्यायचाय, डेस. एवढंच."

"आणि आम्ही?"

"हे घर घ्या भाड्यानं. लीआन बघेल सगळं. नेव्हिलला तिथे परवानगी नाही, तो इथेच राहील."

म्हणजे आख्खं घर! पबमध्ये मी सगळ्यांना सांगितलं, डोकं लागतं. पहिल्या सकाळी पलंगावर आळस देतोय तोच स्वयंपाकघरातून सासूबाई कडाडल्या, "डेस, बूट!" मी अनवाणी धावत जाऊन बूट बाहेर ठेवले आणि मग आठवलं, की त्या इथे राहतच नाहीत. काकाकुवा ऐंशी वर्षं जगतो म्हणे. हा एकोणीस वर्षांचा आहे.

आमच्याकडे एजंट दर तीन महिन्यांनी घर तपासतात. मी तयारीला लागलो. रोज एक बिस्किट आणि रोज एक वाक्य: डेस टापटीप माणूस आहे. तीन महिन्यांत नेव्हिलनं बिस्किटांचे सोळा पुडे संपवले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

तपासणीला लीआन आली. घरमालकीण म्हणून सासूबाईही आल्या, नेव्हिलसाठी खास शेंगदाणे घेऊन. लीआननं ना ओटा बघितला, ना मोरी. थेट पाखरासमोर उभी राहिली.

"काय नेव्हिल, कसं काय चाललंय?"

नेव्हिलनं मान वाकडी केली, शेंगदाणा सावकाश फोडला आणि साफ माझ्या आवाजात म्हणाला, "राहू दे गं बूट आतच. म्हातारी गेली एकदाची."

कारवान तसा काही वाईट नाही. थोडा गरम होतो इतकंच. नारेल घरात असते. नेव्हिलही.