ढिल्या मानेची काडतुसं

ऑर्व्हल टफ्टेनं तयार काडतूस तळघरातल्या कामाच्या बाकाच्या कडेला टेकवलं आणि मागून अंगठ्यानं दाबलं. गोळी सुळकन पुंगळीच्या आत गेली, उंदीर बिळात शिरावा तशी.

"मेली!" तो म्हणाला.

वर स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "कोण मेलं?"

"कोणी नाही, मार्डेल! तू बटाटे सोल."

शुक्रवारची दुपार होती आणि शनिवारी गावच्या क्लबात बायकांचा पिस्तुलाचा सामना होता. लेक जोलीन मिनियापोलिसहून येणार होती. एके काळी बापाबरोबर दर शनिवारी मैदानावर जाणारी पोर, लग्न झालं, लग्न मोडलं, नोकरी लागली, आणि पिस्तूल कपाटात गेलं ते गेलंच. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "बाबा, सामन्यात नाव दिलंय. काडतुसं तुझ्या हातची हवीत. नाही जमलं तर सांग, दुकानातून आणते."

"दुकानातून?" पोरीनं पेट्रोल पंपावरचं शिळं सँडविच खाते म्हणावं, तसा ऑर्व्हल दुखावला होता.

आता ह्या कामाचं असं असतं. बार उडाला की पितळेची पुंगळी फुगते. ती प्रेसमधल्या डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून परत बारीक करायची, मग तोंड केसभर उघडायचं, दारू भरायची, वर गोळी बसवायची. पुंगळीच्या मानेनं गोळी गच्च धरली पाहिजे. गोळी आत सरकली तर पिस्तूल हातात फुटायची भीती. म्हणून मैदानावर लाईल सॉरगार्ड प्रत्येकाचं घरचं काडतूस टेबलाला लावून अंगठ्यानं दाबून बघायचा. गोळी हलली की अख्खी पेटी बाद. मग पाद्री असो नाहीतर त्याचा सख्खा भाऊ.

ऑर्व्हलनं डोकं लावलं. मान ढिली, म्हणजे पुंगळी नीट आवळली जात नाही, म्हणजे डायचा दोष. त्यानं डाय आणखी खाली पिळली आणि दांडा असा ओढला की तळघर हादरलं. गोळी तरीही आत.

म्हणजे पितळ म्हातारं झालं. तो गाडी काढून लाईलकडे नव्या पुंगळ्या मागायला गेला.

"मला हे काम शिकवलंस तू," लाईल म्हणाला, "आणि आता माझ्याच दारात?"

"देतोस का जाऊ?"

नव्या पुंगळ्यांतही गोळी आत. ऑर्व्हल परत लाईलच्या दारात. लाईलच्या बापाची एक जुनी लोखंडी डाय होती, भलतीच आवळ.

"हिला पुंगळीला ग्रीस लावावं लागतं हं," लाईल म्हणाला, "नाहीतर अडकते."

"मला सांगतोस?"

ग्रीस संपलेलं होतं. त्यानं मार्डेलचं हाताला लावायचं क्रीम उचललं. पण कुठल्या पुंगळीला लावलं नि कुठली कोरडी राहिली, ते काही त्याला उमगेना. तिसरीच पुंगळी गच्च अडकली. ऑर्व्हल सगळ्या अंगानिशी दांड्याला लोंबकळला. बाकाचे बोल्ट उपटले, प्रेस खाली आली, ऑर्व्हल आला आणि वरच्या फळीवरच्या बीटच्या लोणच्याच्या बरण्याही आल्या.

मार्डेल धावत जिना उतरली. नवरा जमिनीवर, सगळा लालभडक.

"ऑर्व्हल!"

"जिवंत आहे. बीट आहे ते."

"माझी बरणी?"

"ती गेली."

लाईलला फोन गेला. त्यानं येऊन बापाची डाय पाहिली, टोपी काढली, परत घातली. "बापानंही दोनदा अडकवली होती," तो म्हणाला. मग बाकावरची एक पुंगळी उचलून उजेडात धरली. "आणि हे काय?"

"पुंगळी."

"पुंगळी? ही तर तुतारी आहे! लेका, डायनं नीट आवळलेलं तोंड तू स्वतःच पुढच्या खेपेला फाडतोयस. केसभर उघडायचं असतं."

"केसभरच उघडलंय."

"कुणाच्या केसभर? अस्वलाच्या?"

"मग काय करू? जरा कमी उघडलं तर गोळी तोंडावर ठरतच नाही, बाजूला पडते!"

लाईलनं मार्डेलकडे पाहिलं. मार्डेलनं फुटलेल्या बरणीवरची चिठ्ठी नवऱ्यापुढे धरली. "वाच."

"बीट."

"ते वासानंही कळतं. खाली बारीक लिहिलेलं साल वाच."

ऑर्व्हलनं मान मागे नेली, डोळे बारीक केले. मार्डेलनं आपला वाचायचा चष्मा काढला, जांभळा, कडेला चमकीचे खडे असलेला, आणि त्याच्या नाकावर बसवला. ऑर्व्हलनं पुंगळी डोळ्यांसमोर धरली. बराच वेळ धरली.

"अरे देवा," तो म्हणाला. "ह्यात तर कॉफी प्यावी."

प्रेस परत ठोकली. साऱ्या पुंगळ्या त्याच्याच डायमध्ये नव्यानं आवळल्या, तोंडं खरोखर केसभर उघडली. काडतूस कडेला लावून त्यानं दाबलं. अंगठा दुखला. गोळी ढिम्म.

शनिवारी लाईलनं जोलीनचं काडतूस दाबलं, परत दाबलं, मग अंगठा झटकला. "जा पोरी."

जोलीननं पिस्तूल उचललं आणि खाली घेतलं. परत उचललं, परत खाली.

"काय झालं गं?"

"बाबा, नळीवरची नेमाची माशीच नीट दिसत नाही," ती हळूच म्हणाली. "बरेच दिवस झाले. म्हटलं, आता आपलं वय झालं, सुटला खेळ."

"चव्वेचाळीस म्हणजे वय?" ऑर्व्हलनं जांभळा चष्मा काढून तिच्या हातात दिला. तिनं तो घातला, त्यावर मैदानावरचा डोळे वाचवायचा जाड चष्मा चढवला, हात लांब केला.

आणि ठण्ण! निशाणाची लोखंडी ताटली पडली. दुसरा बार फुकट, तिसऱ्याला परत ठण्ण! मार्डेल बाकावर उभी राहून ओरडत होती. एकही काडतूस दगा देऊन गेलं नाही. नंबर आला खालून दुसरा. पण जोलीन वळली तेव्हा पहिला आल्यासारखी हसत होती.

ऑर्व्हल तोवर खाली बसून तिच्या उडालेल्या पुंगळ्या टोपीत गोळा करायला लागला होता.

"एवढ्या कशाला वेचतोस, बाबा?"

"पुढच्या महिन्याच्या सामन्याला लागतील," तो वर न बघता म्हणाला. "म्हणजे... कुणाला हव्या असल्या तर."

जोलीननं रिकामं पिस्तूल टेबलावर ठेवलं. मग त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली.

"त्या बघ, गवतातल्या राहिल्या," ती म्हणाली आणि आणखी दोन त्याच्या टोपीत टाकल्या.