पाचव्या खोलीची रेंज

भामरेकाका दुकानात गेले की वस्तूची किंमत नंतर विचारतात, आधी तिचं वजन करतात. त्यांच्या कापडी पिशवीत कायम एक ताणकाटा असतो. रद्दीवाला वापरतो तसला, वरच्या कडीत बोट घालायचं आणि खालच्या हुकाला माल लटकवायचा. या काट्याला त्यांनी आजवर मिक्सर लटकवलाय, इस्त्री लटकवलीय, छताचा पंखाही लटकवलाय. एकदा चष्म्याच्या दुकानात त्यांनी फ्रेम लटकवली. काटा जागचा हलला नाही, तेव्हा "यात काही दमच नाही" म्हणून काका जुनाच चष्मा घालून घरी आले.

"सोनवणे, आत माल असेल तर तो वजनात दिसतो," असं ते मला वरचेवर समजावतात. मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो आणि एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. आमच्या ग्रंथालयात चार कॉम्प्युटर आहेत, त्यामुळे विजेवर चालणाऱ्या सगळ्या गोष्टी मला कळतात, अशी काकांची पक्की समजूत आहे.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. दर तासाला प्रत्येक मीटरसमोर उभं राहायचं, काटा बघायचा, रजिस्टरात आकडा लिहायचा, असं त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्त झाले तरी रजिस्टर सुटलं नाही. टाकीतलं पाणी, फ्रिजची थंडी, स्वतःचं ब्लडप्रेशर, सगळ्यांना रकाने आहेत. बोलतानाही तेच. आंबा गोड आहे का, हे विचारायचं असलं तर "रीडिंग काय म्हणतं?" आणि काकू चिडलेल्या असल्या तर मला फाटकातूनच सूचना मिळते, "आज येऊ नका, रीडिंग वर गेलंय."

तर असे हे काका एका सकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मला राउटर घ्यायचाय. सगळ्यात भारी."

मला हसू आलं. घरात माणसं दोन. काकू मालिका बघतात, काका हवामान बघतात. इंटरनेटवाल्याने फुकट दिलेला राउटर दिवाणखान्यात टीव्हीमागे सुखात होता. मी तसं म्हटलं. काकांनी पिशवीतून तो फुकटचा राउटर काढून काट्याला लटकवला आणि काटा माझ्या नाकासमोर धरला.

"दोनशे चाळीस ग्रॅम. एवढ्याशा जीवाने कुठवर पोचावं?"

पुढचे पंधरा दिवस गल्लीतल्या कोणाचाही राउटर सुरक्षित नव्हता. काका उसने राउटर नेत, दोन दिवस चाचणी घेत आणि झाडूनपुसून परत करत. माझाही गेला. माझ्या घरी दोन दिवस नेट नव्हतं आणि मुलीच्या परीक्षेचा फॉर्म मी रिक्षा करून कॉलेजात जाऊन भरला. तक्रार करायला गेलो, तर काकांनी नवंकोरं रजिस्टर उघडून दाखवलं. फोनवर रेंज मोजायचं एक ॲप त्यांनी उतरवून घेतलं होतं. ते उणे आकडे दाखवतं, आणि आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. काकांना हे फार आवडलं होतं. "तुमचा राउटर उणे ब्याऐंशी. नापास. मला उणे पासष्टच्या आत हवंय."

रजिस्टरात रकाने पाच होते. दिवाणखाना, स्वयंपाकघर, झोपायची खोली, कोठीची खोली, आणि शेवटच्यावर नुसतंच ‘पाच’. काकांचं घर चार खोल्यांचं आहे. त्यांच्या वास्तुशांतीला मी जेवलोय, मला माहीत आहे.

"ही पाचवी कुठली?"

"आहे एक," म्हणून काकांनी रजिस्टर मिटलं.

इथे काकांच्या घराबद्दल सांगायला हवं. जेल रोडच्या आमच्या गल्लीत त्यांचा जोडबंगला आहे. एकच इमारत, मधोमध भिंत, अलीकडे काका आणि पलीकडे त्यांचे धाकटे भाऊ आप्पा. आप्पा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. गच्चीवर दोघांत मिळून एक पाण्याची टाकी. मोटर सकाळी सहाला लावायची की सातला, यावरून सहा वर्षांपूर्वी त्यांचं वाजलं आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. टाक्या आता दोन आहेत. दोन्ही मोटरी साडेसहाला लागतात.

दोन महिन्यांपूर्वी आप्पा न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, अँब्युलन्समधून घरी आले. सगळी गल्ली भेटून आली. काका गेले नाहीत. स्ट्रेचर आत नेत होते तेव्हा ते अंगणात उभे राहून कढीपत्त्याला पाणी घालत होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या मनातून हा माणूस पार उतरला होता. राउटरच्या खरेदीला मी गेलो तो केवळ शेजारधर्म म्हणून.

दुकान कॅनडा कॉर्नरला होतं, एसीवालं. विक्रेता उत्साही होता. त्याने काळ्या कोळ्यासारखं एक यंत्र काढलं आणि म्हणाला, "सर, टॉप मॉडेल. आठ अँटेना."

"पंख्याला पाती किती आहेत त्यावर वारा नसतो, तो मोटरीवर असतो," काका म्हणाले.

"सर, याचा स्पीड बघा. पिक्चर सेकंदात डाउनलोड."

"वेग राहू द्या. जोर सांगा. नऊ इंची विटांची भिंत आहे, दोन्हीकडून प्लास्टर, एका बाजूने टाइल्स. पार जाईल?"

विक्रेत्याने खोक्यावरची माहिती वाचली. मग प्रामाणिकपणे म्हणाला, की वेगाची जी लहर असते ती भिंतीला दबते, दुसरी हळू असते पण भिंतीतून जाते, आणि या मॉडेलमध्ये ती हळू लहरसुद्धा दमदार आहे. काकांचा चेहरा खुलला. त्यांनी काटा काढला. एसीतली इतर गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली आणि मी मोबाइलच्या कव्हरांकडे. आठशे नव्वद ग्रॅम भरले.

"पण सर, खरं सांगू का," विक्रेत्याने दुसरा खोका पुढे केला, "एवढा महाग घेण्यापेक्षा हा जोडीचा घ्या. एक पीस हॉलमध्ये, दुसरा शेवटच्या खोलीत. तिथे भिंतीचा प्रश्नच नाही. पैसे पण वाचतील."

सल्ला अगदी बरोबर होता. मी मान डोलावली. काकांनी मात्र तो खोका मागे सारला.

"शेवटच्या खोलीत ठेवता येणार नाही," ते म्हणाले. "हाच द्या. एकटा जाणारा."

राउटर बसवायला मीच गेलो. तो दिवाणखान्यात नको, असं काकांनी ठरवलं होतं. तो बसला कोठीच्या खोलीत, वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी, अगदी भिंतीला चिकटून. काकू दारात उभ्या होत्या. "एवढा महागाचा आणला, आणि आता माझी मालिका अडकतेय," त्या म्हणाल्या. रजिस्टर बघितलं. खरंच, दिवाणखान्याची रेंज आधीपेक्षा खाली गेली होती. काका आनंदात होते.

"नेटवर्कला नाव काय देऊ?" मी विचारलं.

"लिहा, ‘घागर कोणी पाडली’."

मी वर बघितलं. चेष्टेचं काही लक्षण नव्हतं. मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं. "आणि पासवर्ड?"

"दत्तू."

काकांचं नाव दत्तात्रय. मी म्हटलं, पासवर्डला निदान आठ अक्षरं लागतात.

"मग दोनदा लिहा. आई हाक मारायची तेव्हा दोनदाच मारायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला बाहेर पडलो, तर काका बंगल्यामागच्या बोळात उभे. हातात शेवग्याच्या शेंगा काढायची लांब आकडी. तिच्या टोकाला सुतळीने फोन बांधलेला. आकडी कुंपणावरून पलीकडे गेलेली आणि फोन आप्पांच्या मागच्या खोलीच्या खिडकीशी लोंबकळत होता. काका टाचा उंच करून एक डोळा मिटून आकडा वाचायचा प्रयत्न करत होते.

"सोनवणे, तुमचे डोळे चांगले आहेत. काय म्हणतंय?"

"उणे त्रेसष्ट," मी म्हटलं. आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं, की पाचवी खोली कुठली.

काकांनी आकडी खाली घेतली आणि फोन सोडायला लागले. सुतळीची गाठ सुटेना. मी सोडवून दिली तेव्हा ते बोलले, माझ्याकडे न बघता.

"त्याला कुस्त्यांचं वेड. दिवसभर फोनवर जत्रेतल्या कुस्त्या लावायचा. ती हलगी, तो आरडाओरडा. भिंतीतून सगळं इकडे. सहा वर्षं मी हिच्याजवळ कुरकूर केली, आवाज कमी कर म्हणावं त्याला. आता त्याला मागच्या खोलीत हलवलाय, संडास जवळ पडतो म्हणून. तिथे मोबाइलला रेंज नाही. दोन महिने झाले सोनवणे, भिंतीचं रीडिंग शून्य आहे. नुसता छताकडे बघत पडलेला असतो, असं ही सांगते."

दोघी जावांचं बोलणं कधीच बंद झालेलं नव्हतं. भाजीच्या वाट्या कुंपणावरून रोज जातात. मी म्हटलं, मग पासवर्ड काकूंच्या हातीच पाठवा की.

"विचारलं होतं तिने. दादाचं काही नको म्हणाला." काका सुतळी गुंडाळायला लागले. "आणि हे वाटीतून पाठवायचं नाही. हे माझं मला द्यायचंय."

मग त्यांनी घागरीची गोष्ट सांगितली. गाव देवळ्याजवळ. काका नऊ वर्षांचे, आप्पा सहाचे. आईच्या माहेरची तांब्याची घागर काकांनी विहिरीत सोडून बघितली आणि दोर हातातून निसटला. आईने विचारलं, घागर कोणी पाडली? काकांनी आप्पांकडे बोट दाखवलं. उचापती म्हणून आप्पांचं नाव आधीच झालेलं होतं, त्यामुळे चौकशी झाली नाही. आप्पांना आईने ओल्या दोरखंडाने मारलं. तेव्हापासून दर दिवाळीला फराळाच्या ताटावर आप्पा विचारत, "दादा, घागर कोणी पाडली?" आणि काका लाडू खात म्हणत, "तूच." साठेक वर्षं हा खेळ चालला. बायका हसत, पोरं हसत.

"गेल्या सहा दिवाळ्या कोणी विचारलं नाही," काका म्हणाले.

मला माझी लाज वाटली. कढीपत्त्याला पाणी घालणारा तो माणूस मी नीट बघितलाच नव्हता. अंगणातून पलीकडे जायचं धैर्य नव्हतं, म्हणून तो झारी घेऊन उभा होता.

त्यानंतर तीन दिवस काका कोठीच्या खोलीत स्टूल टाकून बसले. राउटरला कोणकोणते फोन जोडलेत, ते त्यांच्या फोनवर दिसायचं. दर तासाला नोंद. जोडलेले फोन दोन, एक काकांचा, एक काकूंचा. दुपारी दोन. संध्याकाळी दोन. दुसऱ्या दिवशी दोन. आप्पांच्या फोनवर ते नाव, म्हणजे तो जुना प्रश्न, दिसत असणार, यात शंका नव्हती; पासवर्डात त्याचं खरं उत्तर होतं. उणे त्रेसष्ट होतं. काका जेवायलाही कोठीतच बसले. रेंज पोचवणं त्यांच्या हातात होतं, ते झालं होतं. पलीकडच्याने फोन हातात घ्यायचा की नाही, ते मोजायला त्यांच्याकडे काटा नव्हता.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला काकूंनी मला फाटकातून हाक मारली. मी गेलो. काका स्टुलावर, फोन हातात. पडद्यावर दोनाचे तीन झाले होते.  एरवी शुद्ध बोलणारे काका फार आतून काही वाटलं की आपल्या देवळ्याकडच्या बोलीवर जातात, तसे पुटपुटले, "चालू शे."

मग भिंतीतून हलगी आली. आधी बारीक, मग चांगली खणखणीत. कोणीतरी माइकवर पैलवानांची नावं पुकारत होतं, लोक ओरडत होते. बरणीच्या झाकणाला हलकी थरथर येत होती. काकू पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

थोड्या वेळाने हलगी एकदम थांबली. काकांनी दचकून फोनकडे बघितलं. तीनच होते. भिंतीपलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मग सहा वर्षांत काकांसाठी निघाला नव्हता असा आप्पांचा आवाज, जरा खोल गेलेला.

"दादा, घागर कोनी पाडी?"

काका भिंतीकडे वळले. त्यांनी तळहात भिंतीवर ठेवला.

"मी," ते मोठ्याने म्हणाले. "मी पाडी, आप्पा."

पलीकडे खाट करकरली. मग आप्पा म्हणाले, "आवाज कमी करू का?"

"नको," काका म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

हलगी पुन्हा सुरू झाली. काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि मांडीवर रजिस्टर ओढलं. त्या तासाचे चार आकडे त्यांनी सवयीने भरले. पाचव्या रकान्याशी पेन थोडं थांबलं, आणि तिथे त्यांनी आकडा न घालता नुसतं ‘आप्पा’ असं लिहिलं. मग उठून पायात चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चला सोनवणे, त्याच्याकडे जाऊन येऊ. एकट्याने जायला मला जड जाईल."