हरलेल्या माणसाने करावयाचा फोन

कोणताही देश जितका लांबून पाहावा तितका त्याचा इतिहास स्पष्ट दिसतो. अमेरिका म्हसवडपासून सुमारे तेरा हजार किलोमीटर लांब आहे. त्यामुळे तिचा इतिहास आमच्या वर्गाइतका स्पष्ट खुद्द अमेरिकेतसुद्धा कुणाला दिसला नसेल.

'अमेरिकेचा अलीकडचा इतिहास (१९९१ ते २०२१)' हा पेपर आम्हाला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तो का आहे हे कुणी विचारलं नाही, कारण तो गेल्या वर्षीही होता. मंजूर तासिका अठ्ठेचाळीस, प्रत्यक्षात झाल्या एकोणीस. उरलेल्या एकोणतिसांचा हिशोब असा: यात्रा चार, भरतीच्या सरावाला वर्गच मैदानावर गेल्यामुळे नऊ, यल्लाप्पा सरांची जतची एसटी न आल्यामुळे अकरा, आणि पाच तासिकांचं कारण अद्याप सापडलेलं नाही. (शोध चालू आहे.) यल्लाप्पा सर तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे एसटी आली तरच ते प्राध्यापक असतात.

नवीन धोरणानुसार आता इतिहास नुसता पाठ करून चालत नाही, त्यावर चिंतन करावं लागतं. चिंतनाला वीस गुण असून त्याचा छापील नमुना आहे. रकाना (अ) घटना. रकाना (ब) घटनेमुळे मनात आलेले विचार, किमान तीन. रकाना (क) प्रत्यक्ष अनुभव. रकाना (ड) पालकांची सही. चिंतन निळ्या शाईत करावं, अशी तळटीप आहे.

बेचाळीस जणांनी चिंतन केलं. त्याचा दर्जा कळावा म्हणून दोन नमुने देतो.

धुळानं २००० सालची निवडणूक घेतली. एका राज्यातल्या पाचशे सदतीस मतांवर अख्ख्या देशाचा अध्यक्ष ठरला आणि वाद पाच आठवडे चालला. धुळाचा विचार क्रमांक एक: 'पाच आठवड्यांत एकही डोकं फुटल्याचा उल्लेख नाही. पान गहाळ असावं.'

महेंद्रनं २००८ घेतलं. पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष निवडून आल्यावर तिथं बऱ्याच जणांनी जाहीर केलं की आता भेदभाव संपला. महेंद्रनं रकाना (क) मध्ये लिहिलं, 'आमच्या गावातही तो दर चौदा एप्रिलला संपतो. पंधराला सकाळी पुन्हा हजर असतो.' यावर सरांनी वीसपैकी वीस दिले.

पण वर्गाला खरा धक्का बसला तो एका फोनचा. अमेरिकेत रीत अशी, की निवडणुकीत हरलेला उमेदवार जिंकलेल्याला स्वतः फोन करून अभिनंदन करतो. सरांनी हे सांगितल्यावर मी लगेच पाहणी केली. फोनवर विश्वास बसला नाही: एकोणचाळीस. फोन केला असेल पण शिव्या द्यायला: दोन. २००० सालच्या उमेदवारानं फोन करून हार मान्य केली आणि थोड्या वेळानं दुसरा फोन करून ती परत घेतली, हे ऐकल्यावर त्या माणसाविषयी मात्र वर्गाला आपुलकी वाटली. पुढे २०२० च्या निवडणुकीनंतर असा फोन झालाच नाही आणि जानेवारीत लोक थेट संसदेत घुसले, तेव्हा मागच्या बाकांवर सुटकेचा निःश्वास ऐकू आला. धुळा म्हणाला, "आता कुठं वळणावर आली अमेरिका."

फोनवर विश्वास बसलेली एकटी राणी. तिनं चिंतनाला तोच विषय घेतला आणि तीन ऐवजी सात विचार लिहिले. पण रकाना (क) कोरा राहिला. हरलेला माणूस अभिनंदन करतो, हे प्रत्यक्ष अनुभवायचं कुठं? सरांनी वही परत केली. वीस गुण नाहीत तर पेपर नाही, पेपर नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर तलाठी भरतीचा अर्ज भरता येत नाही. राणी त्या अर्जासाठी दोन वर्षं अभ्यास करत होती. वही द्यायला आठ दिवस उरले होते.

सुदैवानं त्याच आठवड्यात तिच्या गावच्या दूध संस्थेची निवडणूक होती. अध्यक्षपदाला राणीचे वडील बाळासो उभे होते, समोर नाथाजी तात्या. राणीनं वडिलांना विचारलं, हरलात तर तात्यांना अभिनंदनाचा फोन कराल का? बाळासो हसले आणि म्हणाले, करीन की. (आपण हरू असं वाटणारा उमेदवार आमच्या तालुक्यात अद्याप अर्ज भरताना आढळलेला नाही.) त्यांनी रकाना (ड) मध्ये आगाऊ सही ठोकली.

मतमोजणी प्राथमिक शाळेत झाली. अर्धा वर्ग निरीक्षणाला गेला होता. नाथाजी एकशे सतरा, बाळासो एकशे चौदा. आमच्याकडे आकडे वाचून झाल्यावर निकाल लगेच जाहीर करत नाहीत. अधिकारी आक्षेपासाठी दहा मिनिटं ठेवतात आणि टेबलावरची काचेची वस्तू उचलून आत नेतात. ही पद्धत अनुभवातून आलेली आहे.

बाळासोंचे लोक बाह्या सारत उठले. तेवढ्यात राणी वडिलांसमोर येऊन उभी राहिली. हातात वही होती.

बाळासोंनी वहीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि खिशातून मोबाईल काढला. नाथाजी त्यांच्यापासून बारा फुटांवर उभे होते. पण अमेरिकेत फोन करतात, म्हणून बाळासोंनी फोनच केला.

नाथाजींनी स्क्रीनवरचं नाव पाहिलं आणि फोन वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजल्यावर उचलला. "बोला."

"नाथाजीराव, अभिनंदन. लोकांनी तुमाला निवडून दिलं, मला मान्य हाय. संस्था नीट चालवा. काय लागलं तर मी हाय."

गुलाल उधळणारा हात हवेत थांबला. नाथाजींनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला, जणू अजून काहीतरी यायचं बाकी आहे. मग ते आपल्या माणसांना घेऊन हातपंपामागे गेले. तिथं झालेल्या चर्चेचा सारांश असा: खरोखर हरलेला माणूस असं बोलत नाही. त्या अर्थी हा हरलेला नाही. त्या अर्थी मोजणीत काहीतरी आहे, जे त्याला माहीत आहे आणि आपल्याला नाही. निकाल लागू दिला तर पुढं तो कोर्टात जाणार आणि आपली अध्यक्षपदावरून मिरवणूक उलटी निघणार. तेव्हा शहाणपण यात, की आत्ताच हरकत घ्यावी.

आणि जिंकलेल्या नाथाजींनी स्वतःच्या विजयावर लेखी आक्षेप घेतला.

अर्जावर 'पराभूत उमेदवाराचे नाव' असं छापलेलं होतं. अधिकाऱ्यांनी 'पराभूत' खोडून त्यावर 'काळजीत असलेल्या' असं लिहिलं आणि फेरमोजणी लावली. मोजणाऱ्यांच्या हातांना सकाळपासूनच लागलेल्या ओल्या गुलालामुळे बाळासोंची दोन मतं नाथाजींच्या गठ्ठ्याला चिकटलेली निघाली. बाळासो एकशे सोळा, नाथाजी एकशे पंधरा.

जल्लोष झाला. राणी तेवढी रडवेली झाली. कारण आता बाप हरलेलाच नव्हता, त्यामुळे त्याचा फोन प्रत्यक्ष अनुभवात बसत नव्हता. ती नाथाजींकडे गेली.

"तात्या, आवं, आता तुमी हरलाय. अभिनंदनाचा एक फोन करा की. माझं वीस मार्क हायेत त्यात."

नाथाजींनी बोटांवर हिशोब केला. "पोरी, तुझ्या बानं फोन केला आन् तीन मतांनी हरलेला गडी एका मतानं निवडून आला. व्हय न्हवं?"

"व्हय."

"मग मी बी करतो."

त्यांनी फोन केला आणि असं अभिनंदन केलं, की अमेरिकेला लाज वाटावी. बाळासोंना त्यांनी गावाचं भूषण म्हटलं. पलीकडे बाळासोंनी मोबाईलवर हात ठेवून आपल्या माणसांना हळूच सांगितलं, "आरं, ह्यो डाव माझाच हाय. माझ्यावरच टाकतोय." आणि त्यांनी स्वतःच्या विजयावर आक्षेप घेतला.

तिसऱ्या मोजणीत दोघांना एकशे पंधरा मतं पडली. बाळासोंचं एक मत गुलालाचं बोट उमटल्यामुळे बाद झालं. नियमानुसार आता चिठ्ठी काढायची. पण तोवर दोन्ही बाजूंना फोनचं शास्त्र समजलं होतं. दोन्ही उमेदवार बारा फुटांवरून एकमेकांना एकाच वेळी फोन लावत होते आणि दोघांनाही ग्राहक दुसऱ्या कॉलवर व्यस्त असल्याचं ऐकू येत होतं. शेवटी दोघांनी समोरचाच निवडून आल्याचं लेखी दिलं. हार मान्य नाही म्हणून जो भांडतो त्याच्यासाठी कायद्यात अकरा तरतुदी आहेत. आपणच हरलो असा आग्रह धरणाऱ्यासाठी एकही नाही. संस्थेवर प्रशासक आला. तो फलटणचा असून त्याला दूध सोसत नाही.

राणीनं हे सगळं रकाना (क) मध्ये लिहिलं. जागा पुरेना म्हणून पुरवण्या जोडल्या. सरांची एसटी त्या दिवशी आली होती. त्यांनी वर्गासमोर वही वाचली आणि विचारलं, "दोन फोन लागले, बाकीचे व्यस्तच राहिले. यातला खरा कुठला गं?"

"पहिला, सर," राणी म्हणाली. "माझ्या बानं केला तवा पुढं काय हुईल ते त्याला ठाऊक न्हवतं. मी समोरच हुबी व्हते."

सरांनी वीस गुण लिहिले. मग त्यांनी वर्गाला विचारलं, बाळासोंनी तो पहिला फोन मनापासून केला असं किती जणांना वाटतं? बेचाळिसांत एकच हात वर आला, राणीचा. धुळाचं मत होतं की दोन मतं चिकटल्याचं बाळासोंना आधीच दिसलं असणार. महेंद्रला यामागे प्रशासकाचा हात वाटला. मी स्वतः पाहणीचे आकडे लिहून घेत होतो, त्यामुळे माझा हात मोकळा नव्हता.

तलाठीचा अर्ज राणीनं मुदतीत भरला.

आता तुमचं काय? बाळासो फोन लावत होते तेव्हा, त्या बारा फुटांच्या अंतरात, 'याला यातून काय मिळणार असेल?' असा विचार तुमच्या मनात आला नाही, असं मला तुमच्या सहीनिशी कळवा. आला असेल तर लाजू नका. तुमचा रकाना (क) भरलेला आहे. त्या गावच्या मतदार यादीत तुमचं नाव यायचं कसं राहिलं, तेवढं मी चौकशी करून सांगतो.