छपरावरचा चौकोन

औषध फवारून सहा दिवस झाले तरी छप्पर काळंच होतं.

नाना फाटकापाशी उभे राहून बघत होते. सकाळपासूनची ही चौथी खेप. चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, मग पुसून पुन्हा लावला. कौलांवरचं शेवाळ जिथल्या तिथे होतं, काळे ओघळ जिथल्या तिथे होते. फरक एवढाच, की आधी या छपराखाली नानांना झोप लागत असे.

घर माईंच्या वडिलांनी बांधलेलं. कौलंही त्यांनीच निवडून आणलेली. ती बनवणारा कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली होती, त्यामुळे एक फुटलं तर त्याच्या जोडीचं दुसरं मिळणार नव्हतं. माईंच्या दादांचं म्हणणं, आता पुरे. कौलं उतरवायची आणि पत्रे ठोकायचे. घरात त्यांचाही अर्धा वाटा होता. बहीणभावात दोन महिने धुसफूस चालली आणि शेवटी तह झाला तो असा : माई मुलीच्या बाळंतपणाला जातील, तेवढ्यात छप्पर एकदा स्वच्छ करून घ्यायचं. एकवीस दिवसांनी दादा माईंना गाडीने परत सोडायला येतील तेव्हा बघतील. पटलं तर कौलं राहतील. नाहीतर पत्रे.

"तुमच्यावर सोपवून चाललेय," निघताना माई म्हणाल्या होत्या. "औषधच मारून घ्यायचं. पाण्याचा मारा अजिबात नाही. बाबांची कौलं आहेत ती. आणि अहो, स्वतः काही करायला जाऊ नका."

अडतीस वर्षांच्या संसारात माईंनी नानांवर सोपवलेलं हे पहिलं मोठं काम. नानांचा जन्म पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासण्यात गेला होता. दुसऱ्यांनी केलेल्या चुका ते अचूक शोधत. स्वतः काही करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि तसं पाहिलं तर आताही आलेली नव्हती.

औषधवाला पाठीवर पंप घेऊन आला होता. झाडांना पाणी शिंपडावं इतक्या हलक्या हाताने त्याने सगळं छप्पर भिजवलं आणि पंप आवरायला घेतला.

"झालं?" नानांनी विचारलं.

"माझं झालं. आता औषधाचं सुरू. ते मुळापर्यंत मुरणार, शेवाळ मरणार, सुकणार, सुटणार. मग दोन सरी आल्या की वाहून जाणार. पंधरा दिवस काही दिसायचं नाही."

"आणि मग?"

"मग दिसेल. तोवर हात लावायचा नाही. खरं सांगू का नाना, बघायचंसुद्धा नाही."

न बघणं नानांना झेपणारं नव्हतं. त्यात रोज संध्याकाळी सहाला माईंचा फोन येई. बाळाचं रडणं, मुलीची पाठदुखी हे सांगून झालं की त्या हमखास विचारीत, "छप्पर काय म्हणतंय?" पाच दिवस नाना "चाललंय" म्हणाले. सहाव्या दिवशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "थोडं थोडं उजळतंय."

"खरंच? मग उद्या फोटो पाठवा. दादाला दाखवते. फार बोलत होता!"

उजळलेलं काही नव्हतं आणि फोटो उद्या हवा होता.

शेजारी बंबकाका राहत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पाण्याचा दाब मारणारं यंत्र विकत घेतलं आणि तेव्हापासून सगळी गल्ली त्यांना या नावाने ओळखू लागली. त्यांनी स्वतःचं फाटक धुतलं, कुंपण धुतलं, मग दुसऱ्यांची फाटकं आणि कुंपणं धुतली. गाडी धुताना नंबराच्या पाटीवरचा शेवटचा आकडा त्यांनी असाच धुऊन काढला होता. सातव्या दिवशी सकाळी ते कुंपणावर कोपर टेकून उभेच होते.

"काय नाना, तुमचं औषध झोपलं वाटतं?"

"मुरतंय ते."

"मुरायला लोणचं आहे का? सहा दिवस बघतोय मी. अहो, घाण काढायची असते, तिला समजावायचं नसतं. माझं यंत्र आणतो. दोन तासांत छप्पर लखलखीत."

"नको, नको! पाण्याचा मारा नको म्हणून ही बजावून गेलीय."

"वहिनी इथे आहेत का?"

"नाही, पण तिला फोटो हवाय," नाना म्हणाले, आणि म्हणाल्याबरोबर त्यांना पश्चात्ताप झाला.

बंबकाकांचे डोळे चमकले. "मग फोटोपुरतं करू. हातभर जागा. दारावरच्या भागात, शिडीवरून सहज पोचता येईल तिथे. औषध सावकाश करू दे ना बाकीचं."

हातभर जागेने कुणाचं काय बिघडतं, असं नानांना वाटलं. नाना शिडी धरून उभे राहिले आणि बंबकाका वर चढले. यंत्र सुरू झालं तशी खिडक्यांची तावदानं थरथरली. पाण्याची धार सुटली, हिरवा-काळा चिखल नानांच्या डोक्यावर पडला, आणि बंबकाकांच्या हातातली नळी जागी होऊन वळवळू लागली. तिला आवरेपर्यंत हातभराची जागा चांगली टेबलाएवढी झाली होती.

पण काय ती दिसत होती! केशरी, टवटवीत. फक्त तिच्या कडा वेड्यावाकड्या होत्या. एक फराटा डावीकडे धावलेला, एक वर.

इथे खरं म्हणजे नानांनी थांबायला हवं होतं. पण चाळीस वर्षांची सवय. वेडीवाकडी ओळ दिसली की ती सरळ केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"ती कड तेवढी नीट करता येईल का?" त्यांनी खालून विचारलं.

"आता कसं बोललात!" बंबकाका म्हणाले.

डावी कड सरळ केली तर उजवी तिरपी दिसू लागली. उजवी केली तर खालची. चौथी कड सरळ झाली तेव्हा काळ्याकुट्ट छपरात, बरोबर दारावर, एक नितळ चौकोन तयार झाला होता. वाकड्या डागाचा दोष वाऱ्यावर किंवा माकडावर तरी टाकता आला असता. हा चौकोन माणसाने केलाय हे गल्लीच्या कोपऱ्यावरूनही कळत होतं.

नानांनी अगदी जवळून, नुसत्या चौकोनाचा फोटो काढला आणि पाठवून दिला.

संध्याकाळी माईंचा आवाज आनंदाने भरून आला होता. "अहो, किती सुंदर! अगदी बाबांनी आणली तेव्हासारखी! दादाला दाखवला. तो म्हणतो, सात दिवसांत एवढं? औषध फार जहाल असणार, कौलं खाल्ली असतील. येईन तेव्हा शिडीवर चढून हात लावून बघेन म्हणतो. बघू दे की! आपल्याला कसली भीती?"

"कसली," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः शिडीवर चढले आणि त्यांनी चौकोनाला हात लावला. हाताला रवा लागावा तशी केशरी भुकटी लागली. कौलांची वरची गुळगुळीत साय धारेबरोबर निघून गेली होती. त्यांनी मोजली. अकरा कौलं. खात्रीसाठी पुन्हा मोजली. अकराच.

खाली येऊन त्यांनी औषधवाल्याला फोन लावला. "समजा, एखाद्याने, म्हणजे आमच्या ओळखीत एक आहेत, त्यांनी अशा छपरावर पाण्याचा दाब मारला तर?"

औषधवाला म्हणाला, "किती जागा, नाना?"

"अकरा कौलं."

"अहो, काय केलंत हे! ते कौल आता सोललेलं. त्याची साय परत यायची नाही. औषधही धुऊन गेलं तिथलं."

"ते झाकायला काही?"

"झाकायला?" तो वैतागून म्हणाला. "शेवाळच झाकेल आता. सोललेल्या कौलावर ते झकास वाढतं."

त्याने ते रागाने म्हटलं होतं. नानांनी ते लिहून घेतलं.

कपाटात बागकामाचं एक जुनं पुस्तक होतं. त्याचीही मुद्रितं नानांनीच तपासली होती, त्यामुळे त्यात चूक असण्याचं काही कारण नव्हतं. कुंडीला जुनेपणाची कळा आणण्यासाठी, पुस्तक सांगत होतं, शेवाळ आणि दही एकत्र वाटून त्याचा लेप द्यावा आणि तो ओला ठेवावा. नानांनी विचार केला. छप्पर काळंच राहणार हे तर दिसतंच आहे. मग निदान सगळीकडे सारखं असू दे. काळ्या छपराला दादा नावं ठेवतील. पण सोललेली कौलं बघितली, तर माई काय म्हणतील?

त्यांनी मागच्या भिंतीवरचं शेवाळ उलथण्याने खरवडलं, माईंच्या मिक्सरच्या भांड्यात घातलं, वर वाटीभर दही ओतलं आणि बटण दाबलं. भिंत रंगवायच्या ब्रशने अकराही कौलांना लेप दिला. संध्याकाळी सहाला फोन आला तेव्हा ते ब्रश धूत होते.

"काय करताय?"

"दही संपवतोय," नाना म्हणाले. ते खोटं नव्हतं, एवढंच समाधान.

पुढचे दिवस नानांनी छपराकडे बघितलंच नाही. त्यांनी फक्त चौकोनाकडे बघितलं. दह्याच्या वासाने कावळे आले. नाना अंगणात खुर्ची टाकून वर्तमानपत्र हलवीत बसले. मग कुणाचं तरी मांजर आलं आणि खालच्या दोन कौलांचा लेप चाटून गेलं; नानांनी तेवढा पुन्हा दिला. सकाळ-संध्याकाळ शिडीवर चढून त्यांनी त्यावर पाणी शिंपडलं. पंधराव्या दिवशी मोठी सर आली, तशी ते भिजत वर गेले आणि लेप वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी चौकोनावर मेणकापड अंथरलं. सतराव्या दिवशीही तेच. बंबकाका छत्री घेऊन कुंपणापाशी आले.

"नाना, बरं नाही का वाटत?"

"बरं आहे. हे धरलंय ते नीट बसलं पाहिजे."

"काय धरलंय?"

"शेवाळ."

बंबकाका छत्री सावरत घरात गेले.

विसाव्या दिवशी ऊन पडलं. नानांनी मेणकापड काढलं. चौकोन गच्च, मखमली हिरवा झाला होता. कौलाचा कणही दिसत नव्हता. नानांच्या जिवात जीव आला. पुस्तक बरोबर होतं. शिडी उतरून ते फाटकापर्यंत गेले, सगळं छप्पर एकसारखं दिसतंय ना बघायला वळले, आणि त्यांनी फाटकाचा आधार घेतला.

छप्पर लाल झालं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, तुळतुळीत, जुन्या तांब्यासारखं. औषधाने मारलेलं शेवाळ दोन सरींनी धुऊन नेलं होतं. एवढ्या मोठ्या छपरावर डाग म्हणून एकच उरला होता. तो चौकोनी होता, आणि तो त्यांनी दही घालून वाढवला होता.

"यंत्र आणू का?" कुंपणापलीकडून आवाज आला. "पाच मिनिटांचं काम."

"एक पाऊल पुढे टाकलंत तर बघा!" नाना ओरडले. आपण ओरडू शकतो हे त्यांना त्या दिवशीच कळलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गाडी थांबली. दादा आधी उतरले. उंच, जाड मिशांचे, फाटकात आले आणि कमरेवर हात ठेवून वर बघत उभे राहिले. मागून माई आल्या आणि त्याही बघत राहिल्या. नाना दारात, बरोबर चौकोनाखाली उभे होते. काय सांगायचं ते त्यांनी पहाटेपासून चार वेळा पाठ केलं होतं. आता त्यातला एक शब्द आठवत नव्हता.

"नाना," दादा म्हणाले.

"हो."

"हे तुम्ही मुद्दाम ठेवलंत?"

नानांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मुद्दामच!" दादांनी मांडीवर थाप मारली. "आधी काय होतं ते मला दिसावं म्हणून! बघ गं, कडासुद्धा कशा आखल्यासारख्या. नाहीतर मी म्हटलं असतं, एवढं काही काळं नव्हतंच. नाना, मी तुम्हाला साधा माणूस समजत होतो." ते शिडीवर चढले, लाल कौलांवरून हात फिरवला, बोटांनी वाजवून बघितलं. "खणखणीत आहे की! राहू दे कौलं. माझं काही म्हणणं नाही." मग हिरव्या भागाकडे बघून म्हणाले, "आणि हा चौकोन काढायचा नाही हं! पुढच्या महिन्यात आमच्या साडूंना दाखवायला आणतो. त्यांनाही पत्रेच टाकायचेत."

दादा हात धुवायला मोरीत गेले. नाना अजून दारातच होते. आतून, स्वयंपाकघरातून, माईंची हाक आली. हळू आवाजातली.

"अहो. जरा इकडे या."

माईंच्या हातात मिक्सरचं भांडं होतं. त्यांनी ते नाकापाशी नेलं, लांब धरलं, उजेडात तिरपं करून पात्याखालची हिरवी रेघ बघितली. मग नानांकडे बघितलं. एवढं बघणं नानांना पुरेसं होतं. त्यांनी सगळं सांगितलं : फोटो, बंबकाका, कडा, पुस्तक, मांजर. शेवटी म्हणाले, "अकरा कौलं गेली गं. बाबांची."

मोरीतला नळ बंद झाल्याचा आवाज आला, तसं माईंनी भांडं झटकन ओट्याखाली सारलं.

"शेवाळाखाली काही दिसत नाही ना?"

"कणभरसुद्धा नाही."

"किती दिवस टिकतं ते?"

"ओलं ठेवलं तर टिकतं. मधूनमधून लेप द्यावा लागतो."

"वाटीभर?"

"वाटीभर पुरतं."

दादा टॉवेलला हात पुसत आत आले. "काय कुजबुज चाललीय नवराबायकोची?"

"काही नाही रे," माई म्हणाल्या आणि त्यांनी दुधाचं पातेलं पुढे ओढलं. "यांना म्हणत होते, उद्यापासून जरा जास्त दूध घेत जा. आपल्याकडे दही फार लागतं हल्ली."