अंडी कोण नेतं : एक चिकित्सक अभ्यास

बाळांनो, एका जंगलात एक तळं होतं आणि तळ्यापेक्षा मोठं एक विद्यापीठ होतं. तळं उन्हाळ्यात आटायचं. विद्यापीठ कधीच आटत नसे.

तळ्याकाठी यमू नावाची टिटवी राहायची. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. उघड्या जमिनीवर खडे बाजूला सारते आणि तिथेच अंडी घालते. यमूनेही घातली होती. एके दुपारी ती पाणी प्यायला गेली आणि परत येऊन बघते तर अंडी नाहीत. मातीत नखांचे ठसे, आणि मधून शेपूट ओढत नेल्याची रेघ.

यमू खूप रडली. मग नवऱ्याला, बाळकूला म्हणाली की अंडी कोण नेतं याचा शोध घ्यायचा. बाळकूचं म्हणणं पडलं, त्यात शोधायचं काय, रेघ समोर दिसतेय. पण यमूला शिकायची हौस होती. शिकणाऱ्याला नुसतं दिसून भागत नाही, ते सिद्ध व्हावं लागतं. ती विद्यापीठात गेली.

तिथे तिला मार्गदर्शक म्हणून घोरपडमॅडम मिळाल्या. मॅडम विभागप्रमुख होत्या. निवृत्तीचं वय केव्हाच उलटलं होतं, पण खुर्चीवरून त्यांना सोडवणं कुणालाच जमलं नव्हतं. यमूने विषय सांगितला तशी मॅडमच्या जिभेची दोन्ही टोकं बाहेर आली.

"विषय रसाळ आहे," त्या म्हणाल्या. "पण 'कोण' हा शब्द काढ. 'कोण' म्हटलं की कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं."

मग शीर्षक ठरलं, 'तळेकाठच्या अंड्यांच्या अनुपलब्धतेस कारणीभूत घटक : एक चिकित्सक अभ्यास'. यमूला ते नीटसं कळलं नाही. म्हणजे चांगलंच असणार, असं तिला वाटलं.

पुढे पूर्वसाहित्याचा आढावा आला. या विषयावर आधी कोणी कोणी लिहिलंय ते वाचून काढायचं. लिहिलं होतं साप, कावळा आणि कोल्हा या अभ्यासकांनी. तिघांचं एकमत होतं की अंडी वाऱ्याने जातात. कोल्ह्याने तर दोष अंड्यांच्याच आकाराला दिला होता. यमूने सगळं पृष्ठांकासह उतरवून काढलं. वाऱ्याला नखं असतात का, असं बाळकूने विचारलं होतं. पण बाळकूचं काही छापून आलेलं नसल्यामुळे ते घेता आलं नाही.

नंतर मॅडम म्हणाल्या की एका घरट्यावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे, नमुना वाढव. यमू दारोदार फिरली. आपल्यातली पोरगी विद्यापीठात गेली म्हणून टिटव्यांना अभिमान होता. शास्त्रासाठी एवढं करायला काय हरकत आहे, म्हणत सगळ्या एकाच जागी अंडी घालायला आल्या. निरीक्षणात ढवळाढवळ नको म्हणून कुणीही आलं तरी ओरडायचं नाही, असा नियम झाला. टिटवीने ओरडायचं नाही म्हणजे बघा. यमूच्या गळ्याशी टिवटिव यायची आणि ती गिळून टाकायची.

माहिती भराभर जमू लागली. अंडी भराभर जाऊ लागली. मॅडम स्वतः क्षेत्रभेटीला येत, बहुधा एकट्याच. त्यांची तब्येत सुधारली.

एका सकाळी यमू गवताआडून बघत होती. मॅडमनी अंडं फोडलं, गिळलं, तोंड पुसलं आणि गवताकडे न बघताच विचारलं, "नोंद केलीस ना?"

यमू दिवसभर उन्हात बसून राहिली. तिला आपली अंडी आठवली, शेजारणींची आठवली. एक प्रकरण लिहिलं की पदवी मिळणार होती. शेवटी तिने मन घट्ट केलं आणि लिहिलं, 'अंडी घोरपडमॅडम खातात.' कागद तिने मॅडमपुढे ठेवला.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य शांतपणे वाचलं.

"निष्कर्ष अचूक आहे," त्या म्हणाल्या. "भाषा तेवढी सुधारू."

त्यांनी सांगितलं आणि यमूने लिहून घेतलं : 'उक्त अनुपलब्धता प्रामुख्याने सरीसृपवर्गीय पोषणप्रक्रियेशी निगडित असल्याचे सूचित होते, तथापि या संदर्भात अधिक संशोधनास वाव आहे.' यमूने ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. तिला इतकं हलकं वाटलं की ती मॅडमच्या पाया पडली.

तोंडी परीक्षेला शेजारच्या जंगलातून मुंगूस आला. संदर्भसूचीत एक स्वल्पविराम राहिलाय, एवढीच त्याची तक्रार होती. यमू डॉक्टर झाली.

तळ्याकाठी सत्कार ठेवला. मॅडम पहिल्या रांगेत, गळ्यात हार. एका म्हाताऱ्या टिटवीने उठून विचारलं, "आता सांग बाई, आमची अंडी कोण नेतं?"

यमूने ते वाक्य खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारीने डोळे टिपले. किती शिकली पोर, असं ती शेजारणीला सांगू लागली.

बाळकू जवळ आला. हळूच म्हणाला, "यमू, साध्या शब्दांत सांग ना. एकदाच."

यमूने पहिल्या रांगेकडे पाहिलं. मॅडम हसत होत्या. सोमवारपासून यमूला त्यांच्याच विभागात रुजू व्हायचं होतं.

"अधिक संशोधनास वाव आहे," ती म्हणाली.

बाळकू तळ्यापलीकडे उडून गेला. बाकीच्या टिटव्या मात्र अंडी घालायला त्याच जागी परतल्या. विद्यापीठाने आता तिथे 'संरक्षित अध्ययन क्षेत्र' अशी पाटी लावली होती, आणि पाटी असलेली जागा सुरक्षितच असते.

तात्पर्य : सत्य फार काळ लपवून ठेवता येत नाही. म्हणून ते प्रबंधात लिहून ग्रंथालयात ठेवावं. तिथे ते कुणाच्याही दृष्टीस पडत नाही.